सीडर मेसातले पुएब्लो अवशेष आणि शैलचित्रं बघायला जाताय? मग या क्रमानं जा

मोआब झालं, मॉन्युमेंट व्हॅली झाली, आता मधे एक दिवस उरलाय तर त्या जुन्या दगडी घरांकडे जाऊन येऊ, असं म्हणून आपली बरीच मंडळी आग्नेय युटामधल्या सीडर मेसा नावाच्या पठाराकडे वळतात. मग एकतर परमिटशिवाय ट्रेलहेडला, म्हणजे जिथून पायवाट सुरू होते तिथे, पोचतात, नाहीतर भर दुपारी पोचतात, नाहीतर घर दिसलं की सरळ चढून भिंतीला टेकून फोटो काढतात. चौथ्यांदा तेच प्रश्न आले म्हणून सगळं एकदाच आणि नीट क्रमानं लिहितोय. इतिहास सांगत बसणार नाही, तो म्युझियममध्ये चांगला कळतो. एवढं मात्र डोक्यात ठेवा, ही घरं सातशे-आठशे वर्षांपूर्वीची आहेत, काही चित्रं त्याहून खूप जुनी आहेत, आणि ज्यांनी ती केली त्यांचे वंशज होपी, झुनी आणि रिओ ग्रांदे काठच्या पुएब्लो गावांमध्ये आजही राहतात. त्यांच्या दृष्टीनं पूर्वज इथून गेलेलेच नाहीत. 'अनासाझी' हा जुना शब्द नावाहो भाषेतला, त्याचा अर्थ साधारण शत्रूंचे पूर्वज असा होतो, त्यामुळे पुएब्लो लोकांना तो आवडत नाही, तो वापरू नका.

१. आधी महिना ठरवा, मग जागा

मार्च ते मे, नाहीतर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर अखेर. जून-जुलैत ऊन भाजून काढतं आणि जुलै ते सप्टेंबर इथला पावसाळा, तेव्हा कॅन्यनमध्ये, म्हणजे खडकातल्या खोल दऱ्यांमध्ये, अचानक लोंढे येतात. मे अखेरीला बारीक चावरे चिलटं असतात, लहान मुलांना फार त्रास होतो. मेसा सहा हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे ऑक्टोबरात दुपारी टी-शर्ट आणि रात्री पाणी गोठेल अशी थंडी, दोन्ही एकाच दिवशी.

पहिल्यांदा जाताना ज्या जागांना स्वतःची पाटी आहे, रस्ता आहे, त्याच निवडा. सँड आयलंडची कोरलेली चित्रं ब्लफ गावाजवळ, अगदी गाडीपाशी. बटलर वॉश, थोडंसं चालून पलीकडच्या कड्यातली घरं लांबून बघायची. म्यूल कॅन्यनची रस्त्यालगतची किवा, म्हणजे विधींची गोल खोली. आणि हाऊस ऑन फायर, ज्वाळांसारख्या दिसणाऱ्या छताखालच्या कोठ्या, साउथ फोर्क म्यूल कॅन्यनमध्ये जाताना साधारण एक मैल. उत्तरेला इंडियन क्रीककडे जाणार असाल तर न्यूजपेपर रॉकही रस्त्याला लागूनच आहे. आई-बाबा भारतातून आले असतील आणि गुडघे कुरकुरत असतील तर सँड आयलंड, बटलर वॉश आणि न्यूजपेपर रॉक एवढ्यावर दिवस छान होतो.

मून हाऊस या कड्यातल्या घरांचे फोटो बघून सगळे तिथूनच सुरुवात करायला बघतात. ते पहिल्या खेपेला नको. दिवसाला फक्त २० जणांना परमिट मिळतं, रस्ता खराब आहे, कॅन्यनमध्ये उतरताना एका ठिकाणी दगडाच्या पायरीवरून लोंबकळून खाली उतरावं लागतं आणि परत येताना तेच वर चढायचं असतं.

२. परमिट आणि घड्याळ

म्यूल कॅन्यनसकट सीडर मेसाच्या कॅन्यनमध्ये चालायला दिवसाचं परमिट लागतं, माणशी. नॅशनल पार्कचा वार्षिक पास आहे म्हणून चालेल असं बरेच जण गृहीत धरतात, त्या पासवर हे भागत नाही. रिक्रिएशन डॉट गव्ह वर घरी बसून काढा, फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवा आणि एक कागदी प्रत गाडीत ठेवा, कारण तिथे गेल्यावर नेटवर्क मिळेलच असं नाही. मुक्कामाचं परमिट वेगळं, मून हाऊसचं वेगळं.

हायवे २६१ वर केन गल्च रेंजर स्टेशन आहे. ते फक्त वसंतात आणि शरदात उघडं असतं, आणि तेही सकाळी आठ ते बारा. रस्त्याची अवस्था, कॅन्यनमध्ये पाणी आहे का, हे सगळं तिथे विचारा, तिथल्या माणसांइतकं ताजं कोणालाच माहीत नसतं.

आणि आता घड्याळ. आम्ही पहिल्यांदा फिनिक्सहून गेलो होतो, एप्रिलमध्ये, आणि साडेअकराला केन गल्चला पोचतोय म्हणून खुशीत होतो, तिथे साडेबारा वाजले होते आणि दार बंद. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं, आणि मधे लागणारं नावाहो नेशन ॲरिझोनात असूनसुद्धा करतं. म्हणजे पेजहून किंवा फिनिक्सहून येताना मार्च ते नोव्हेंबर तुमचा एक तास जातो, आणि फोन कुठल्या टॉवरला लागलाय त्याप्रमाणे मधेच वेळ बदलत राहतो. मनगटावरचं साधं घड्याळ निघतानाच युटाच्या वेळेला लावून टाका.

> तपासा: परमिटवरची तारीख, कॅन्यनचं नाव आणि माणसांची संख्या बरोबर आहे ना? कुत्रा नेणार असाल तर त्या कॅन्यनचे नियम वाचले का? अवशेषांच्या आत कुत्र्याला कुठेच नेत नाहीत, ग्रँड गल्चमध्ये तर मुळीच परवानगी नाही.

३. गाडी, पाणी, पिशवी

मुक्काम ब्लँडिंग नाहीतर ब्लफला. गॅस (पेट्रोल) तिथेच फुल करा, हायवे ९५ ला लागल्यावर पंप मिळेल या भरवशावर राहू नका. मॅप ऑफलाइन उतरवून घ्या.

रेंटल कार असेल तर करार वाचा, बहुतेक कंपन्यांना कच्च्या रस्त्यावर गाडी नेलेली चालत नाही आणि मग इन्शुरन्सही लागू होत नाही. इथले कच्चे रस्ते कोरडे असताना साधी गाडीही जाते असे वाटतात, पण पाऊस पडला की ती माती साबणासारखी होते, चाकाला लपेटते, आणि फोर व्हील ड्राइव्हसुद्धा घसरत जाऊन कडेच्या चरात बसते. पाऊस पडलाय किंवा पडणार आहे तर कच्च्या रस्त्याला लागायचंच नाही, उन्हात वाळू द्यायचं.

दक्षिणेकडून, मेक्सिकन हॅटच्या बाजूनं आलात तर हायवे २६१ वर मोकी डगवे लागतो. साधारण तीन मैल खडीचा घाट, हजार-बाराशे फूट चढ, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. आपल्याकडे वरंध घाट चालवलेल्या माणसाला तो अवघड नाही, पण आरव्ही किंवा ट्रेलर घेऊन नाही, रात्री नाही, पावसात नाही. शेजारी बसलेल्याला उंचीची भीती असेल तर ब्लँडिंगकडून फिरून या.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर, आणि गाडीत जास्तीचा एक कॅन. ट्रेलहेडला नळ नसतो. दुर्बीण घ्या, ही गोष्ट सगळे विसरतात आणि नंतर हळहळतात, कारण अर्ध्याहून जास्त घरं आणि चित्रं अशा उंचीवर आहेत की ती दुर्बिणीतूनच दिसतात. ट्रेकिंग पोल असतील तर टोकाला रबर लावा, नाहीतर खडकावर पांढरे ओरखडे उठतात. टोपी, पूर्ण बाह्या, पकड असलेले बूट (सँडल नकोत), टॉर्च, आणि शौचासाठी पॅक करून परत आणायच्या पिशव्या. कोरड्या वाळवंटात काहीच कुजत नाही, पुरलं तरी.

खायला दशम्या, लाडू, काहीही न्या, पण ते कुठे खायचं ते पुढे सांगतो.

४. पहिला अर्धा दिवस गावात घालवा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि म्हणून कॅन्यनमध्ये गेल्यावर समोर दिसतंय ते काय आहे हेच कळत नाही. ब्लँडिंगला एज ऑफ द सीडर्स म्युझियम आहे. तिथे भांडी, पिसांचं पांघरूण, युकाच्या पानांच्या चपला असं सगळं बघता येतं आणि मागच्या अंगणात एक खरी किवा आहे, शिडीवरून खाली उतरता येतं. मुलांची आत जायची हौस इथे पुरवून घ्या, म्हणजे कॅन्यनमध्ये हट्ट होत नाही. ब्लफमध्ये बेअर्स इअर्स एज्युकेशन सेंटर आहे, तिथे कसं वागायचं ते दहा मिनिटांत छान समजावतात.

पाच गोष्टी इथेच ओळखायला शिका. किवा म्हणजे जमिनीत खोल गोल खोली, विधींची, आपल्या गाभाऱ्यासारखी समजा. छोट्याशा दाराची, दगडी फळीनं बंद होणारी खोली म्हणजे धान्याची कोठी, तिला लोक उगाच ठेंगण्या माणसांचं घर म्हणतात. काटक्या विणून वर माती लिंपलेली भिंत दिसली तर तो सरळ आपला कूड आहे. मक्याचं पीठ करायचा खोलगट दगड आणि वरचा हातात धरायचा दगड, म्हणजे पाटा-वरवंटा. आणि पाचवं, घरासमोरच्या उतारावरचा उकिरडा. राख, हाडं, खापरं, मक्याची बोटाएवढी कणसं, पिढ्यान्‌पिढ्या टाकलेलं सगळं तिथे साठलेलं असतं आणि कधीकधी माणसंही तिथेच पुरलेली असतात. पुढच्या सगळ्या चुका या पाचव्या गोष्टीपाशी होतात.

५. कॅन्यनमध्ये चालताना

उदाहरण हाऊस ऑन फायरचं घेऊ, कारण बहुतेक जण तिथेच जाणार. कोठ्यांच्या वरचं छत ज्वाळांसारखं दिसतं ते थेट उन्हामुळे नाही, समोरच्या तळावर पडलेलं ऊन उलटून वर येतं त्यामुळे. थेट ऊन पडलं की रंग फिका पडतो, अगदी सकाळी गेलात तर नुसती सावली. सकाळी दहा ते बाराच्या मधली वेळ धरा, ऋतूप्रमाणे मागेपुढे होते, म्हणून नऊ-साडेनऊला ट्रेलहेड सोडा आणि तिथे पोचून शांत बसा.

वाट कोरड्या ओढ्याच्या तळातून जाते, कधी वाळू, कधी डबकं, कधी सपाट स्लिकरॉक, म्हणजे उघडा गुळगुळीत खडक. आत जाताना घर उजव्या हाताला, दक्षिणेकडे तोंड करून. हे लक्षात ठेवाच, कारण खाली बघत गप्पा मारत चालणारे लोक ते सोडून सरळ पुढे जातात. दक्षिणमुखी कपारी हा एकूणच चांगला नियम आहे, हिवाळ्यात ऊन आत येतं आणि उन्हाळ्यात छतामुळे सावली, म्हणून राहायची घरं बरीचशी तशाच कपारींत सापडतात. दर पाच-दहा मिनिटांनी थांबा, दुर्बीण लावून वरची पातळी हळूहळू बघत जा. भिंतीचा रंग खडकाचाच असतो, नजरेला आधी दाराचा काळा चौकोन लागतो, मग भिंत.

वाटेबाहेर पाय टाकायचा नाही. बाजूला काळपट, उंचसखल, करपलेल्या भाकरीसारखा पापुद्रा दिसतो ती जिवंत माती आहे, त्यात सूक्ष्म जीव आहेत आणि तेच वाळू धरून ठेवतात. एक पाऊल पडलं की भरून यायला कितीतरी वर्षं, कधी दशकं लागतात. चालायचं तर वाळूच्या ओढ्यातून नाहीतर खडकावरून.

> इशारा: डोक्यावर आभाळ निरभ्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मैलोन्‌मैल लांब पडलेला पाऊस ओढ्यातून लोंढा होऊन येतो. लांब गडगडाट, पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या वाहत येणं, यातलं काहीही दिसलं की लगेच उंचावर चढा आणि पाणी ओसरेपर्यंत तिथेच थांबा. सामान राहू द्या.

> तपासा: अर्धं पाणी संपलं की परत फिरायचं, जागा सापडली असो वा नसो.

६. घराजवळ जाताना: इथे घाई नको

घर दिसलं की सगळ्यांचे पाय आपोआप सरळ भिंतीकडे चालायला लागतात. मीही तसाच गेलो होतो, मुलाचा हात धरून समोरच्या मऊ उतारावरून चढत, आणि मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं की तुम्ही आत्ता त्यांच्या उकिरड्यावर उभे आहात, पायाखाली बघा. खाली बघितलं तर माझ्या बुटाच्या कडेनं काळ्या-पांढऱ्या रेघांची खापरं उतारावरून घरंगळत होती. म्हणून आता क्रम असा ठेवतो.

पहिलं, लांब थांबा. तीस-चाळीस पावलं आधी. मुलांना हाताशी घ्या, पाठीवरची सॅक उतरवून खाली खडकावर ठेवा, कारण वळताना सॅकच भिंतीला घासते आणि ते तुम्हाला कळतसुद्धा नाही.

दुसरं, उकिरडा शोधा. माती आजूबाजूपेक्षा करडी, मऊ, राखेसारखी, आणि त्यात खापरं असतील तर तोच. त्याला पूर्ण वळसा घाला. उघडा खडक किंवा आधीची मळलेली वाट मिळाली तर तिथूनच, आणि दोन्ही नसेल तर वर जायचंच नाही, दुर्बिणीतून बघायचं. हे मनाला पटायला वेळ लागतो, इतक्या लांबून आलोय आणि वर नाही जायचं म्हणजे काय, पण तो उतार एकदा घसरायला लागला की खालून कपारीचा आधार जातो आणि मग भिंतच खाली येते.

तिसरं, छत आणि जमीन बघा. सैल दगड, साप, मधमाश्या. आणि उंदरांच्या लेंड्या. या भागातल्या डीअर माऊस नावाच्या उंदरांमुळे हँटाव्हायरस होतो, अमेरिकेत तो पहिल्यांदा १९९३ मध्ये याच फोर कॉर्नर्स भागात, म्हणजे चार राज्यांच्या सीमा मिळतात तिथे, लक्षात आला, फुप्फुसांवर जातो आणि जीवघेणा असतो. बंद खोलीतली धूळ उडवायची नाही, आत डोकं घालून जोरात श्वास घ्यायचा नाही.

चौथं, हात मागे बांधा. खरोखर, पाठीमागे. भिंतीला टेकायचं नाही, बसायचं नाही, दाराच्या चौकटीला धरायचं नाही. मातीच्या लेपात बांधणाऱ्यांच्या बोटांचे ठसे अजून दिसतात, ते नीट बघा, पण त्यावर आपलं बोट ठेवून मापायचा मोह आवरा. खोलीच्या आत शिरायचं नाही. फोन दारापाशी नेऊन आत डोकावता येतं, तेवढं पुरतं.

पाचवं, खापरांना हात नाही. ती उचलून सपाट दगडावर छान मांडून ठेवलेली दिसतील, लोकांना वाटतं आपण पुढच्यांसाठी प्रदर्शन मांडलं. खापर कुठे पडलं होतं यावरूनच ते कधीचं आणि कोणत्या घराचं ते कळतं, एकदा हललं की ती माहिती गेली. तुम्ही भर घालू नका. खिशात घालणं तर सरळ गुन्हा आहे. १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याखाली पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, नुकसान ५०० डॉलरच्या वर धरलं गेलं तर दुप्पट. व्हिसावर असलेल्या माणसानं तर याचा नीट विचार करावा.

सहावं, खाणं लांब. कपारीत चिवड्याचे चार दाणे सांडले की उंदीर येतात, आणि उंदीर भिंतीच्या मातीत बिळं करतात. खाली ओढ्याच्या सावलीत बसून खा.

आई-बाबांना किवा बघून हात जोडावेसे वाटले तर जोडू द्या, त्यात काही चूक नाही. पण फूल, नाणं, कुंकू, अगरबत्ती यातलं काही ठेवायचं नाही. स्थानिक लोकांनी ठेवलेलं काही दिसलं, मक्याचं पीठ, पिसं, तर त्याला हात लावू नका आणि त्याचा फोटोही काढू नका.

> तपासा: निघताना मागे वळून बघा. आपल्या बुटांचे ठसे वाटेवरच आहेत ना?

७. चित्रं बघताना

दोन प्रकार. खडकाचा काळसर थर टोचून-खोदून आतला फिका दगड उघडा केलेली, आणि रंगानं काढलेली किंवा रंगात हात बुडवून उमटवलेली. दोन्हींना वेगळा उजेड लागतो. कोरलेल्या चित्रांना सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन, दुपारी ती सपाट होऊन जातात. रंगवलेल्यांना एकसारखी सावली. सँड आयलंडला भर दुपारी जाऊन 'काही दिसतच नाही' म्हणून परत आलेले लोक मला माहीत आहेत.

एका चित्रफलकासमोर किमान वीस मिनिटं द्या. पहिली पाच मिनिटं फोन खिशात. आधी ठळक, फिक्या रेषा दिसतात, त्या बहुधा नव्या, मग हळूहळू त्यांच्या खालच्या, पुन्हा काळवंडलेल्या जुन्या रेषा वर यायला लागतात. वय ओळखायच्या एक-दोन खुणा सांगतो. घोडा किंवा घोडेस्वार दिसला तर ते स्पॅनिश लोक आल्यानंतरचं, कारण त्याआधी इथे घोडे नव्हते. धनुष्य दिसलं तर साधारण इसवी सन ५०० च्या पुढचं, त्याआधी भाला फेकायची काठी वापरत. रुंद खांद्यांच्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या मोठ्या माणसांच्या आकृत्या घरांच्याही आधीच्या काळातल्या. पण चक्राकार रेषेचा अर्थ काय, त्या माणसाच्या डोक्यावर काय आहे, याची उत्तरं ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हात लावायचा नाही, बोटांच्या तेलानं रंग उतरतो. खडूनं रेषा ठळक करायच्या नाहीत, पाणी मारायचं नाही, कागद ठेवून घासून ठसा घ्यायचा नाही. पुसट रंग बघायचे असतील तर साधा फोटो काढा आणि घरी डीस्ट्रेच नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, ते खास शैलचित्रांसाठी केलेलं आहे, डोळ्यांना अजिबात न दिसणारे हातांचे ठसे त्यात लाल होऊन समोर येतात.

८. परतताना आणि परतल्यावर

फोटो टाकताना लोकेशन बंद करा. मी वर घेतलेली नावं पाटी असलेल्या किंवा परमिट लावून सांभाळलेल्या जागांची आहेत, बाकीच्या सापडल्या त्या मी कोणाला सांगत नाही, मित्र विचारतात तेव्हा वाईट वाटतं तरी नाही. नकाशावर खूण पडली की दोन वर्षांत तिथली खापरं संपतात.

भिंतीवर नाव कोरलेलं, ताजा खड्डा खणलेला किंवा कोणी खोदताना दिसलं तर जवळ जाऊन भांडू नका. लांबून फोटो, वेळ आणि जागा टिपून घ्या, गाडीचा नंबर दिसला तर तोही, आणि रेंज आल्यावर ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन सांभाळणाऱ्या खात्याला कळवा. कोरलेलं नाव स्वतः घासून पुसायला जाऊ नका, त्यानं नुकसान वाढतं.

आणि गाडी सुरू करायच्या आधी मुलांचे खिसे बघा. रागावू नका, ती गोळा करतातच. खापर किंवा चकचकीत दगडाचा तुकडा निघाला तर कंटाळा न करता परत चालत जा, पाणी आणि उजेड पुरत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा, आणि मुलाला विचारून, जिथून उचललं असं तो दाखवेल तिथेच ठेवून या, पार्किंगच्या कडेला नको.